दाद मागायची कोठे?

कायदा झाला म्हणजे न्याय झाला, अशी आपल्या राज्यकर्त्यांची एक सोयीस्कर समजूत आहे. विधेयक संमत होते, राजपत्रात छापले जाते, श्रेयाचे वाटप होते, आणि मग ज्या माणसांसाठी कायदा केला त्यांच्या दारापर्यंत तो पोचला की नाही, याची साधी विचारपूसही होत नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने २०१३ साली केला. त्याला एक तप लोटले. मोठ्या शहरांतील कंपन्यांनी समित्या नेमल्या, भिंतींवर फलक लावले, व्याख्याने आयोजित केली. हे सारे योग्यच झाले. परंतु या कायद्याची खरी परीक्षा मुंबई-बंगळूरच्या वातानुकूलित कचेऱ्यांत होणार नाही. ती मध्य प्रदेशातील बालाघाटसारख्या जिल्ह्यात व्हायची आहे, आणि म्हणूनच आज आम्ही आमच्या वाचकांचे लक्ष त्या दूरच्या मुलखाकडे वेधू इच्छितो.

बालाघाट म्हणताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मराठवाड्यातील डोंगररांग उभी राहते. हा बालाघाट तो नव्हे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा आपल्या गोंदिया व भंडारा जिल्ह्यांना अगदी लागून आहे. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या प्रांताचा तो घटक होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. घरात एक बोली, बाजारात दुसरी आणि सरकारी अर्जात तिसरी, ही तेथील सामान्य माणसाची स्थिती गोमंतकीय वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. या जिल्ह्याचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या १७ लाखांहून थोडी अधिक भरली आणि दर हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया आढळल्या. साऱ्या मध्य प्रदेशात हे प्रमाण सर्वांत अधिक होते. स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक असलेल्या जिल्ह्यात स्त्रीच्या श्रमाची आणि अब्रूची बूज कशी राखली जाते, हा प्रश्न म्हणूनच गैरलागू नाही.

या स्त्रिया काम करतात कोठे? भाताच्या लावणीला आणि कापणीला त्या असतात. भातगिरण्यांत, विटांच्या भट्ट्यांवर, रस्त्यांच्या आणि इमारतींच्या बांधकामांवर त्या डोक्यावर घमेली वाहतात. भरवेली, उकवा, तिरोडी येथे मँगनीजच्या खाणी आहेत. बिरसा तहसिलीत मलाजखंड येथे तांब्याची प्रचंड खाण आहे. तेथे कंपनीच्या पटावर असलेल्या कामगारांखेरीज कंत्राटदारांकरवी आलेली माणसेही राबतात. कान्हाच्या अभयारण्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या पर्यटक-निवासांत झाडलोट, धुणेभांडी आणि स्वयंपाक करणारी माणसे आसपासच्या खेड्यांतूनच येतात. आणि उन्हाळा तापू लागला की बैहर, परसवाडा, लांजी या भागांतील गोंड व बैगा कुटुंबे तेंदूपाने तोडण्यासाठी पहाटेच रानात शिरतात. ५० पानांची एक गड्डी, १,००० गड्ड्यांची एक प्रमाणित गोणी, असा तो हिशेब. संध्याकाळी फडावर माल आणायचा आणि फडमुन्शीने गड्डी उलटसुलट करून मोजायची. चांगली म्हणाला तर चांगली, टाकाऊ म्हणाला तर टाकाऊ. त्याच्या शब्दावर दिवसाची मजुरी ठरते.

या एका दृश्यात आमच्या विषयाचे सारे मर्म आहे. ज्या स्त्रीला दरमहा पगारपत्रक मिळते तिच्यावर अन्याय झाला तर निदान तो कोठे तरी नोंदला जाण्याची शक्यता असते. परंतु जिची मजुरी मुकादमाच्या, मुन्शीच्या किंवा कंत्राटदाराच्या जिभेवर आहे, तिच्या छळाला पुरावाच उरत नाही. तिला कोणी नोकरीवरून काढीत नाही. दुसऱ्या दिवशी कामच मिळत नाही, एवढेच. तिची बदली होत नाही. तिची हजेरी लागत नाही. नकार दिला म्हणून तिच्या गड्ड्या अचानक निकृष्ट ठरतात, अर्धा दिवस कापला जातो, किंवा तिला सर्वांत लांबच्या, एकट्या जागी कामाला धाडले जाते. हे कोणत्याही दप्तरात ‘छळ’ या शीर्षकाखाली आढळणार नाही. पण ज्याच्या हाती भाकरी आहे त्याने भाकरीच्या बदल्यात शरीर मागावे, यापरता दुसरा छळ कोणता?

विशेष हे की, हा कायदा जन्मालाच आला तो खेड्यातील एका कष्टकरी स्त्रीमुळे. राजस्थानातील भटेरी या गावच्या भंवरीदेवी या शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथीन’ म्हणून काम करीत होत्या. बालविवाह रोखणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. ते काम इमानाने केले म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. या प्रकरणाने हादरलेल्या स्त्री-संघटना ‘विशाखा’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. कृपाल यांच्या पीठाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी निर्णय दिला आणि संसद कायदा करीपर्यंत पाळावयाची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती पाळली जात नाहीत, हे पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी पत्राद्वारे न्यायालयाच्या नजरेस आणून दिले. त्या पत्राचीच याचिका झाली आणि १९ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाने राज्य सरकारांना त्यांच्या उदासीनतेबद्दल खडसावले. त्यानंतर कोठे २०१३ चा अधिनियम आला. सोळा वर्षे एक राष्ट्र न्यायालयाच्या उसन्या नियमांवर चालले, ही गोष्ट आपल्या लोकप्रतिनिधींना भूषणावह नाही. कायद्याचा उगम खेड्यात झाला खरा. पण त्याचे पाणी मात्र शहरांच्याच हौदात साठून राहिले.

वस्तुतः कायदा करणाऱ्यांनी खेड्याचा विचार केला नव्हता असे म्हणता येणार नाही. अधिनियमाची वाक्ये वाचली तर त्यांची व्याप्ती पाहून समाधान वाटते. नोकर म्हणजे केवळ कायम नोकर नव्हे. रोजंदारीवरची, तात्पुरती, कंत्राटदारामार्फत आलेली, एवढेच काय पण मुख्य मालकाला जिची माहितीही नाही अशी स्त्रीसुद्धा त्यात येते. कामाचे ठिकाण म्हणजे केवळ कचेरी नव्हे. घर, शेत, कामानिमित्त जेथे जावे लागते ती जागा आणि मालकाने ने-आण करण्यासाठी दिलेले वाहन, हे सारे त्यात आहे. दहा किंवा त्यांहून अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असली पाहिजे. जेथे माणसे दहापेक्षा कमी आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तेथील स्त्रीसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असली पाहिजे. तिची अध्यक्ष सामाजिक कार्यातील प्रतिष्ठित स्त्री असावी, एक सदस्य त्याच भागात काम करणाऱ्या स्त्रियांमधून घ्यावी, आणि संस्थांमधून घेतलेल्या सदस्यांत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास वर्ग किंवा अल्पसंख्य समाजातील स्त्री असावी, इतका बारकाईचा विचार त्यात आहे.

याहून महत्त्वाचे कलम पुढे आहे. जिल्हा अधिकाऱ्याने प्रत्येक तालुक्यात किंवा तहसिलीत, ग्रामीण व आदिवासी भागांत, एक नोडल अधिकारी नेमला पाहिजे. त्याने तक्रार स्वीकारावी आणि सात दिवसांच्या आत ती स्थानिक समितीकडे पाठवावी. तक्रार लेखी हवी. परंतु जिला लिहिता येत नाही तिला ती लिहून देण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिन्यांची सवलत देता येते. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी, अहवाल दहा दिवसांत द्यावा आणि शिफारशींवर ६० दिवसांत कार्यवाही व्हावी. चौकशी चालू असताना पीडितेची किंवा प्रतिपक्षाची बदली, आणि तिला तीन महिन्यांपर्यंत रजा, अशी अंतरिम व्यवस्था करता येते. तडजोड करावयाची तर ती स्त्रीच्या इच्छेनेच, आणि पैसे हा तडजोडीचा आधार असता कामा नये. नुकसानभरपाई मात्र समिती ठरवू शकते.

आता ही कलमे घेऊन मलाजखंडच्या परिसरात उभे राहून पाहा. जिल्ह्याचे ठाणे तेथून सुमारे ९० किलोमीटर. जाण्यायेण्यात एक दिवस आणि एका दिवसाची मजुरी जाणार. तेथे जाऊन कोणत्या खोलीत, कोणाला, काय सांगायचे? गावात विचारावे तर बभ्रा होतो. ठाण्यात जावे तर ‘घरचा मामला घरात मिटवा’ असा सल्ला मिळण्याची धास्ती. कंत्राटदाराला सांगावे तर तोच प्रतिवादी. अशा वेळी तिच्याच तहसिलीत कायद्याने एक माणूस नेमावयास सांगितला आहे, आणि त्याच्याकडे अर्ज दिला की पुढची पायपीट त्याने करायची आहे, हे तिला कोणी सांगितले आहे काय? त्या अधिकाऱ्याचे नाव तहसील कचेरीच्या भिंतीवर आहे काय? हाटाच्या दिवशी दवंडी पिटली गेली आहे काय? कायद्याने दार ठेवले. त्या दारावर पाटी लावायची राहिली. आणि तीन महिन्यांची मुदत मात्र त्या अज्ञानाची वाट पाहत थांबत नाही.

हे आमचे केवळ अनुमान आहे असे कोणी समजू नये. सर्वोच्च न्यायालयानेच याची कबुली दिली आहे, आणि ती ज्या प्रकरणात दिली ते प्रकरण योगायोगाने आपल्या गोव्याचे आहे. गोवा विद्यापीठातील एका अध्यापकाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या; चौकशी समितीच्या अहवालावरून त्यांना बडतर्फ करण्यात आले; मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने ती कारवाई कायम केली. १२ मे २०२३ रोजी न्यायमूर्ती ए. एस. बोपण्णा व न्यायमूर्ती हिमा कोहली यांनी ती बडतर्फी रद्द ठरविली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठविले. कारण असे की, समितीने अखेरच्या टप्प्यात सुनावण्यांचा सपाटा लावून प्रतिपक्षाला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नव्हती. तक्रार खरी की खोटी, हे न्यायालयाने म्हटले नाही. चौकशी नीट झाली नाही, एवढेच म्हटले. यातील बोध दुहेरी आहे. घाईघाईने केलेली चौकशी आरोपीवर अन्याय करतेच, पण ती अखेरीस तक्रारदार स्त्रीचेही नुकसान करते. कारण इतक्या वर्षांनी सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.

त्याच निकालपत्रात न्यायालयाने देशातील स्थितीकडे दृष्टी टाकली. ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांनी अंतर्गत समित्याच नेमलेल्या नाहीत, या वृत्तपत्रीय पाहणीचा उल्लेख करून न्यायालयाने खेद व्यक्त केला. पुढे ३ डिसेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना व न्यायमूर्ती एन. कोटीश्वर सिंह यांच्या पीठाने आदेश दिला की, प्रत्येक जिल्ह्यात ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत जिल्हा अधिकारी नेमावा, त्याने ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समिती स्थापावी आणि तालुक्या-तालुक्यांत नोडल अधिकारी नेमावेत. जे काम २०१३ च्या डिसेंबरात कायदा अमलात येताच व्हावयाचे, त्यासाठी अकरा वर्षांनंतर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तारखा घालून द्याव्या लागल्या. शासनयंत्रणेवर याहून कडक टीका आम्ही काय करणार?

समिती असणे आणि समिती निष्पक्ष असणे यांतही अंतर आहे. मध्य प्रदेशातीलच एक उदाहरण घेऊ. इंदूर येथील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत मुख्य व्यवस्थापक असलेल्या एका महिलेने शाखेतील गैरव्यवहार उघड केले आणि वरिष्ठाविरुद्ध छळाची तक्रार केली. तिची बदली जबलपूर जिल्ह्यातील एका लहान शाखेत झाली. २५ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बदली दुष्ट हेतूने केलेली म्हणून रद्द ठरविली, तिला पुन्हा इंदूरला नेमण्यास सांगितले आणि बँकेला ५०,००० रुपये खर्च भरण्याचा आदेश दिला. अंतर्गत समितीवरील ‘स्वतंत्र’ सदस्य हा बँकेच्याच वकील-मंडळातील होता, यावरही न्यायालयाने बोट ठेवले. बँकेच्या उच्चपदस्थ, सुशिक्षित, कायदा जाणणाऱ्या स्त्रीचे प्रकरणही दिल्लीपर्यंत गेले तेव्हा कोठे मिटले. फडावरच्या बाईने कोठवर जावे?

तथापि कायद्याने तिला वाऱ्यावर सोडलेले नाही, हे आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. कारण निराशा पसरविणे हे संपादकीयाचे प्रयोजन नव्हे. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील मजूर स्त्रियांना प्रसूती-लाभ नाकारण्यात आला होता. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, रोजंदारीवर आहेत म्हणून त्यांना हा हक्क नाकारता येणार नाही, असा निर्वाळा दिला. समान कामाला समान वेतन हे तत्त्व १९७६ च्या कायद्याने मान्य झाले. १९८७ मध्ये मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीतील महिला लघुलेखकांना पुरुषांपेक्षा कमी पगार देण्याची प्रथा न्यायालयाने बेकायदा ठरविली, आणि कंपनीची आर्थिक ओढाताण ही सबब मान्य केली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेतही वेतनात आणि भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई आहे. तक्रार केली म्हणून कामगाराला कामावरून काढले, तर संघटना पाठीशी नसली तरी एकट्याने समेट अधिकाऱ्याकडे आणि तेथून औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते. छळ हा फौजदारी गुन्हाही आहे. भारतीय न्याय संहितेचे ७५ वे कलम त्यासाठीच आहे आणि समितीकडे तक्रार केली म्हणून पोलिसांचा मार्ग बंद होत नाही. पीडिता अनुसूचित जाती-जमातीची असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अधिक कठोरपणे तिच्या बाजूने उभा राहतो. आणि सर्वांत उपयुक्त गोष्ट अशी की, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये प्रत्येक स्त्रीला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचे कार्यालय असते आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. वकिलाला पैसे कोठून आणू, या एका चिंतेने किती तोंडे मिटली असतील! ती चिंता अनाठायी आहे, हे घरोघरी कळले पाहिजे.

कायद्यात उणीव नाही असे मात्र नव्हे. घरकाम करणाऱ्या स्त्रीची तक्रार आली तर, प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास, स्थानिक समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवावी, अशी तरतूद आहे. म्हणजे कचेरीतील स्त्रीला चौकशी, अंतरिम साहाय्य, भरपाई असे अनेक पर्याय. आणि घरातल्या मोलकरणीला थेट पोलीस ठाणे. जिला सौम्य आणि खाजगी मार्गाची सर्वांत अधिक गरज, तिलाच सर्वांत कठीण वाट. संसदेने ही विसंगती दूर केली पाहिजे.

खाणींच्या बाबतीतही सावध राहिले पाहिजे. स्त्रियांनी भूगर्भात काम करू नये म्हणून १९३७ मध्ये त्यांना खाणींतून बाहेर काढण्यात आले. महायुद्धात कोळशाची निकड लागताच १९४३ मध्ये कोळसा खाणींपुरती ती बंदी उठली आणि युद्ध संपताच १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. स्त्रीच्या सुरक्षिततेची काळजी ही सत्तेच्या सोयीनुसार कशी बदलते, याचा हा उत्तम पाठ आहे. १९५२ च्या खाण कायद्याने तीच बंदी चालू ठेवली. २०१९ मध्ये ती शिथिल झाली; स्त्रीची लेखी संमती आणि किमान तिघींचा गट या अटींवर तिला खाणीत काम करण्याची मुभा मिळाली. आता नव्या संहितेने सर्व प्रकारच्या कामांची आणि, संमती असल्यास, रात्रपाळीचीही दारे स्त्रियांना मोकळी केली आहेत. हा पालट स्वागतार्हच होय. संरक्षणाच्या नावाखाली रोजगार नाकारणे हाही दुजाभावच होता. परंतु रात्रपाळी आली की वाहन आले, दिवे आले, विश्रांतीची स्वतंत्र जागा आली, आणि तक्रार ऐकणारी समितीही आली. रोजगार आधी आणि सुरक्षितता मागाहून, असा क्रम लावला तर संमतीचा कागद हा निव्वळ देखावा ठरेल. कारण उपाशी माणसाची संमती विकत घ्यायला फारसे मोल पडत नाही.

एक आक्षेप आम्हांला ऐकू येतो. बायका खोट्या तक्रारी करतील, सूड उगवतील, कारखाने चालविणे अशक्य होईल, असे म्हणणारे सज्जन सर्वत्र आहेत. त्यांना आमचे उत्तर असे की, जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाईची तरतूद याच कायद्यात आहे. मात्र तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही, हेही त्यातच स्पष्ट केले आहे. आरोपीचे नावही गुप्त ठेवावयाचे आहे. त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावयाची आहे आणि ती न दिल्यास काय होते, हे गोवा विद्यापीठाच्या प्रकरणाने दाखविले आहे. खोट्या तक्रारीच्या भीतीने खऱ्या तक्रारीचा मार्ग बंद करावयाचा, हा न्याय कोठला? चोरीचे खोटे आरोपही होतात. म्हणून कोणी ठाणी बंद करीत नाही.

मग करावयाचे काय? आमच्या मते नवा कायदा, नवा आयोग, नवी परिषद यांपैकी कशाचीही तूर्त गरज नाही. गरज आहे ती चार साध्या गोष्टींची. पहिली, प्रत्येक तहसील कचेरीवर, ग्रामपंचायतीवर, आरोग्य केंद्रावर, फडावर आणि खाणीच्या फाटकावर नोडल अधिकाऱ्याचे पद, नाव आणि दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि तो तेथील लोकभाषेत लिहावा. दुसरी, आठवड्याच्या हाटाच्या दिवशी या अधिकाऱ्याने ठरावीक वेळी ठरावीक जागी बसावे. जिला लिहिता येत नाही तिचे म्हणणे तेथेच लिहून घ्यावे. तिसरी, सरकारी वा सार्वजनिक उपक्रमाचे काम घेणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराच्या करारात या कायद्याच्या पालनाची अट घालावी आणि बिल देण्यापूर्वी ती तपासावी. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आणि पुन्हा कसूर केल्यास दुप्पट शिक्षा व परवाना रद्द होण्याची तरतूद कायद्यात आहेच. तिची धार एकदा तरी दिसू द्यावी. चौथी, स्थानिक समितीने दरसाल किती तक्रारी आल्या आणि किती निकालात निघाल्या, याचे आकडे, नावे गुप्त ठेवून, वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावेत. एखाद्या जिल्ह्यात एकही तक्रार आली नाही, तर तेथे रामराज्य अवतरले असे समजून अभिनंदनाचे ठराव करू नयेत. तेथे दाराचा पत्ताच कोणाला ठाऊक नसेल, अशी शंका प्रथम घ्यावी.

या कामात कामगार संघटनांचाही वाटा आहे. बोनस आणि महागाई भत्ता यांसाठी फाटकावर ठाण मांडणारे पुढारी, आपल्याच सभासदाने एखाद्या कंत्राटी मजूर स्त्रीचा छळ केला असता कोणाच्या बाजूने उभे राहतात, यावर त्यांच्या चळवळीची नैतिक उंची ठरेल. आणि गावातील शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या भगिनी यांनी ‘ती गेली कशाला तिथे कामाला’ हा प्रश्न तोंडून काढणे सोडले, तरी अर्धी लढाई जिंकल्यासारखे होईल.

शेवटी एक गोष्ट आमच्याच घरची. बालाघाटची कहाणी वाचून कोणी सुस्कारा टाकून पान उलटू नये. सत्तरी, पेडणे, सांगे, काणकोण या तालुक्यांतही काजूच्या बागा आहेत, हॉटेले आहेत, लहान दुकाने आहेत, घरोघरी राबणाऱ्या मोलकरणी आहेत. त्यांतील कित्येकजणी परप्रांतांतून पोटासाठी येथे आलेल्या आहेत. त्यांच्यासाठीही तोच कायदा आहे आणि तशीच पाटी हवी आहे. आमच्या प्रत्येक वाचकाने उद्या आपल्या मामलेदार कचेरीत जाऊन एकच प्रश्न विचारावा: या तालुक्याचा नोडल अधिकारी कोण? उत्तर चटकन मिळाले तर आनंदच आहे. न मिळाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे, आणि पाटी लागेपर्यंत जात राहावे. परकी सत्ता घालवून आपण आपले राज्य आणले ते केवळ झेंडा बदलण्यासाठी नव्हे. सर्वांत दुबळ्या माणसाला निर्भयपणे दाद मागता यावी यासाठी आणले. ती दाद कोठे मागायची, एवढेही जर आपण तिला सांगू शकत नसू, तर त्या स्वराज्यातील तिचा वाटा आपण अद्याप दिलेला नाही, असेच म्हणावे लागेल.